पोथीतली चूक आणि सटवाईची लेखणी

पत्र थोडं कमी करून देते आहे.

"आम्ही चार पिढ्या बडोद्यात, घर दांडिया बाजारात. माझे सासरे (आम्ही त्यांना अप्पा म्हणतो) चातुर्मासात भागवत सांगतात. लेक बारावी सायन्सला आहे. गेल्या महिन्यात जेवताना अप्पा म्हणाले, डार्विनच्या आधीच आपल्या दशावतारात सगळं आहे. मासा, कासव, डुक्कर, मग माणूस. देवाला माणूसच घडवायचा होता आणि ते त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. लेक म्हणाली, असं काही नसतं, आपण सगळे निव्वळ अपघात आहोत. आणि मग म्हणाली, 'त्याला ठाऊक होतं तर दादाला तीन दिवसांसाठी कशाला पाठवलं?' अप्पा भरल्या ताटावरून उठले. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. माझा पहिला मुलगा तिसऱ्या दिवशी गेला. हृदय नीट जुळलं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. सासूबाई म्हणायच्या, सटवाई लिहायला यायच्या आधीच गेला, त्याच्या कपाळी काही लिहिलेलंच नव्हतं. वीस वर्षं झाली. मी कुणाची बाजू घेऊ? आणि खरं सांगा, माणूस ठरवून घडवलाय की आपसूक झालाय? एक सून, दांडिया बाजार."

ताई,

आधी दशावताराचं उरकते, कारण त्यातल्या त्यात ते सोपं आहे. अप्पा भागवत सांगतात, म्हणजे पहिल्या स्कंधाचा तिसरा अध्याय त्यांना पाठ असणार. तिथे बावीस अवतार मोजलेत आणि पहिला मासा नाहीच. पहिले सनत्कुमार, म्हणजे चक्क मुलं. दुसरा वराह. मत्स्याचा नंबर दहावा, कूर्माचा अकरावा. अप्पांची शिडी दहांच्या प्रसिद्ध यादीत दिसते खरी, पण तिच्यात डार्विन दिसू लागला तो त्याचं पुस्तक आल्यावर, 1859 नंतर. थिऑसॉफीवाल्या ब्लाव्हाट्स्कीबाईंनी 1877 मध्ये आणि ब्राह्मसमाजाच्या केशवचंद्र सेनांनी 1882 मध्ये हा मेळ मांडला. 1893 ते 1906 आपल्या बडोद्यात राहिलेले अरविंदबाबू (पुढचे योगी श्रीअरविंद) नंतर दशावताराला उत्क्रांतीचं रूपक म्हणाले. रूपक म्हणाले, पुरावा नाही. रूपक अप्पांचंच आहे, त्यांच्याकडून ते कुणी काढून घेत नाही. पण रूपकाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं की वकील त्याचे हाल करतो, आणि तुमच्या घरात वकील बारावीला आहे.

त्या वकिलाचंही एक चुकलं. 'निव्वळ अपघात' हे तिला पुस्तकानं शिकवलेलं नाही, ते मोबाइलवरून आलं असणार. (दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग एनसीईआरटीनं 2023 मध्ये काढला. पुढे कॉमर्सला जाणाऱ्या मुलांना तो आता वर्गात भेटतच नाही. त्यावर लिहायला बसले तर तुमचं पत्र बाजूला राहील.) अपघात ही अर्धीच गोष्ट. पेशीत जनुकांची नक्कल होताना चुका होतात आणि त्या कुणाची गरज बघून होत नाहीत. तो भाग आंधळा. पण त्यातली कुठली चूक टिकेल ते ऊन, पाणी, भूक आणि शत्रू ठरवतात, आणि तो भाग चाळणीसारखा काटेकोर. चाळणीला गव्हाची माया नसते, तरी माती खाली जाते आणि गहू वर राहतो.

आता बाजू घेण्याबद्दल. घेऊ नका. त्याऐवजी दोघांना कमाटीबागेत न्या, संग्रहालयात. बडोद्याची पोरं तिथला देवमाशाचा सांगाडा बघत मोठी होतात आणि मग विसरून जातात. 1942 मध्ये भरतीबरोबर महीच्या मुखाशी आलेला निळा देवमासा, 70 फुटांहून लांब. माझ्या वडिलांना चित्रशाळेतली विलायती चित्रं आवडायची, ते मला देवमाशापाशी सोडून तिकडे जायचे. तास तास मी त्याच्या फासळ्या मोजायची आणि दर वेळी हिशेब चुकायचा.

फासळ्या सोडा. पुढच्या पराशी, म्हणजे त्याच्या पोहायच्या वल्ह्याशी, उभं राहा. खांद्याकडून एक हाड, पुढे जोडीनं दोन, मग मनगटाची बारीक हाडं, मग बोटांची. आता आपला हात चाचपा. दंडात एक, कोपराखाली दोन, मनगट, बोटं. नुसतं वल्हंच हवं होतं, तर त्यात मनगट कशाला? नव्यानं वल्हं घडवणारा सुतार त्यात बोटं घालत बसणार नाही. आधी ज्याला पाय होते, त्याच्या पायाचं वल्हं झालं की मात्र असंच होणार.

तो पायवाला आपल्या शेजारीच सापडलाय. कच्छमध्ये मिळालेल्या एका प्राचीन देवमाशाचं नावच कच्छिसेटस, म्हणजे कच्छचा देवमासा. सुनील बाजपेयी आणि हान्स थेविसन यांनी 2000 साली त्याची ओळख करून दिली. वय 4 कोटी वर्षांहून जास्त, अंगानं पाणमांजरासारखा, आखूड पाय, लांब शेपूट. त्याच्याही मागचा नातलग इंडोह्यूस, जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटच्या दगडांतला, बारक्या हरणासारखा. त्याची एक कवटी प्रयोगशाळेत साफ करताना चुकून फुटली आणि कानाचं आतलं हाड उघडं पडलं. ते एका बाजूनं जाड होतं, देवमाशांच्या कानात असतं तसं. हा शोध 2007 मध्ये जाहीर झाला. अप्पा म्हणतील, कवटी देवानंच फोडली. म्हणू द्या.

पावागडला तर तुम्ही जातच असाल. ज्या दगडावर कालिकामाता बसली आहे तो ज्वालामुखीचा, सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा भाऊबंद. त्या लाव्हाचे मोठे लोट साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे. त्याच सुमारास मेक्सिकोच्या किनाऱ्यापाशी एक प्रचंड अशनी आदळला. डायनोसॉर संपले, बालासिनोरजवळ रैयोलीला त्यांची अंडी दगड होऊन अजून जमिनीत आहेत. मगरी वाचल्या, विश्वामित्रीतल्या मगरी 2024 च्या पुरात लोकांच्या अंगणात आल्या ते तुम्ही पाहिलंच. आणि काही बारके सस्तन प्राणी वाचले, ज्यांच्या वंशात पुढे आपण झालो. हे पुन्हा पहिल्यापासून घडलं तर माणूस पुन्हा होईल का, यावर शास्त्रज्ञांतही दोन तट आहेत. स्टीफन जे गूल्ड म्हणत, मुळीच होणार नाही. सायमन कॉनवे मॉरिस म्हणतात, डोळ्यासारख्या गोष्टी निसर्ग निरनिराळ्या वाटांनी पुन्हा पुन्हा गाठतो, तेव्हा आपल्यासारखा कुणीतरी होईलच. माझं मन गूल्डकडे झुकतं. विश्वामित्रीतली मगर माणूस होता होता राहिलेली नाही. ती मगर म्हणून पुरी आहे.

पण मला अप्पांना जिंकायचंय, आणि ते हाडांनी जिंकले जाणार नाहीत. ते पोथीचे माणूस, म्हणून पोथीवरच येते.

आपल्या बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरानं वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती काढली, सात खंड, 1960 ते 1975. ठिकठिकाणची हस्तलिखितं समोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. दोन पोथ्या एकाच जुन्या पोथीवरून उतरवल्यात हे कशावरून ओळखायचं? शुद्ध ओळींवरून कळत नाही, त्या सगळीकडे सारख्याच. कळतं ते सारख्या चुकांवरून. त्याच श्लोकात तोच शब्द गळलेला, तिथेच तीच ओळ दोनदा आलेली. दोन लेखकूंनी शंभर कोसांवर बसून आपापल्या बुद्धीनं नेमकी तीच चूक केली, असं कुणी म्हणत नाही.

आपल्या पेशीत अशी एक पोथी आईकडून येते, एक वडिलांकडून, प्रत्येकी सुमारे 300 कोटी अक्षरांची. बकरी, कुत्रा, मांजर यांना क जीवनसत्त्व खावं लागत नाही, त्यांचं यकृतच ते बनवतं. त्या कामातली शेवटची पायरी ज्या जनुकावर चालते, ते आपल्या पोथीतही आहे, फक्त मोडकं. चिंपांझीच्याही पोथीत ते तसंच मोडकं आहे, आणि मोडल्याच्या खुणा जुळतात. म्हणून आपल्याला आवळा लागतो, बकरीला लागत नाही. अप्पांना हे असं सांगा आणि मग विचारा, रामायणाच्या पोथ्यांना जो न्याय लावायचा तो इथे का लावायचा नाही? मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. पोथी जाणणारी म्हातारी माणसं हे मुलांपेक्षा लवकर पकडतात, असा माझा अनुभव आहे.

जुने लेखकू पोथीच्या शेवटी एक श्लोक लिहीत, तो अप्पांना माहीत असेल. यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया । यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न दीयते ॥ समोर जसं दिसलं तसं उतरवलं. शुद्ध असो, अशुद्ध असो, दोष मला देऊ नका.

ताई, हा श्लोक खरं तर मी तुमच्यासाठी काढला.

गर्भात हृदयाची सुरुवात एका सरळ नळीनं होते. बाविसाव्या दिवसाच्या आसपास ती धडधडू लागते, तेव्हा पुष्कळ बायकांना आपल्याला दिवस गेलेत हेही कळलेलं नसतं. मग ती नळी वळते, उजवीकडे कुशी घेते, स्वतःभोवती मुरडते, आणि आठव्या आठवड्यापर्यंत आत भिंती उठून एका नळीचे चार कप्पे होतात. हे सगळं धडधड चालू असताना. चालत्या बैलगाडीचं चाक बदलावं तसं. माशाच्या हृदयाला दोन कप्पे, बेडकाच्या तीन. मगरीला चार, पण बाहेर निघणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्यांमध्ये एक छिद्र राखलेलं. जन्मापर्यंत आपल्याही वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक झडप उघडी असते आणि बाळानं श्वास घेतला की मिटते. चार माणसांत एकाची ती पुरती मिटत नाही, आणि त्याला जन्मभर पत्ताही नसतो.

कोऱ्या कागदावर आराखडा काढणारा कुणी नळीला पीळ देऊन हृदय करणार नाही. राहत्या घरातच दुरुस्ती करत गेलेला करेल. तुमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांत जिना मध्येच विचित्र का वळतो, हे कुणाला सांगता येत नाही, कारण तो वाडा एका माणसानं एका वेळी बांधलेलाच नाही. आणि जितकी वळणं जास्त, तितक्या पाय निसटायच्या जागा जास्त. हजार बाळांमागे आठ-दहांच्या हृदयात जन्मतःच काही ना काही दोष असतो. कधी जनुकातल्या चुकीनं, कधी दुसऱ्या कशानं, बहुतेक वेळा एकच असं कारण बोटानं दाखवताही येत नाही. नव्या चुका तर प्रत्येक बाळाच्या पोथीत साठ-सत्तर असतात. तुमच्या हुशार लेकीच्या पोथीतही आहेत, माझ्याही. बहुतेक कुठे दिसत नाहीत, एवढंच.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण वीस वर्षांत कुणीतरी म्हटलंच असेल की ग्रहण पाळलं नसेल, विळी हातात धरली असेल. विळीचा काही संबंध नाही. मम दोषो न दीयते.

ग्रहण निघालंच आहे, तर देवाला ठाऊक होतं का, तेही बघू. गीतेत कृष्ण सातव्या अध्यायात म्हणतो, मागे झालेली, आत्ता असलेली आणि पुढे होणारी सगळी भूतं मी जाणतो. अकराव्यात म्हणतो, हे सगळे मी आधीच मारलेत, तू निमित्तमात्र हो. आणि अठराव्यात, सगळं सांगून झाल्यावर, यथेच्छसि तथा कुरु, तुला हवं तसं कर. ठाऊक आहे, ठरलेलं आहे, आणि तरी तू ठरव. आता अप्पा म्हणतील, नुसतं ठाऊक असणं म्हणजे घडवणं नव्हे. पंचांगात लिहिलंय म्हणून काही ग्रहण लागत नाही. बरोबर आहे. पण पंचांगकर्त्यानं सूर्य-चंद्र केलेले नाहीत. ज्यानं ते केले आणि ज्याला पुढचंही दिसत होतं, त्याला 'मी नुसता बघत होतो' म्हणून सुटता येत नाही. इथे तुमची लेक बरोबर आहे.

आणि ती एकटी नाही. डार्विनची मुलगी ॲनी 1851 मध्ये दहा वर्षांची असताना गेली. 1860 मध्ये त्यानं अमेरिकेतल्या आसा ग्रे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला पत्र लिहिलं. ग्रे हा श्रद्धावान ख्रिस्ती, आणि तिकडे डार्विनची बाजू लढवणारा. डार्विन लिहितो की काही गांधीलमाश्यांच्या अळ्या जिवंत सुरवंटाला आतून खातात. दयाळू आणि सर्वशक्तिमान देवानं हे मुद्दाम घडवलं असेल, हे माझ्या मनाला पटत नाही. पण हे अद्भुत विश्व, आणि त्यातही माणसाचा स्वभाव, नुसत्या आंधळ्या जोराचं फळ आहे, असं म्हणूनही माझं समाधान होत नाही. कदाचित नियम योजलेले असतील आणि तपशील, बरा-वाईट, योगायोगावर सोडलेला असेल. पुढे तो कबूल करतो की हा विषय माणसाच्या बुद्धीला झेपणारा नाही.

आपल्याकडेही एकच उत्तर कधी नव्हतं. नैयायिक म्हणाले, मडकं आहे तर कुंभार असणारच. वेदान्त्यांनी लीला म्हटली, म्हणजे ज्यामागे काही हेतू साधायचा नाही असा खेळ. सांख्यांनी प्रकृतीलाच कामाला लावलं. आणि ऋग्वेदातलं नासदीय सूक्त तर शेवटी म्हणतं, परम आकाशात जो या सगळ्याचा अध्यक्ष आहे त्याला हे ठाऊक असेल, यदि वा न वेद, किंवा त्यालाही ठाऊक नसेल. देवाच्या ठाऊक असण्यावर शंका घेणारी तुमची लेक पहिली नाही, ती पुष्कळच उशिरा आली.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते. माणूस ठरवून घडवलाय याची खूण मला हाडांत दिसत नाही, जनुकांत दिसत नाही, हृदयाच्या त्या पिळात तर मुळीच नाही. या सगळ्यापलीकडे कुणी जाणणारा आहे का, ते हाडं सांगत नाहीत, आणि हाडांच्या तोंडून ते वदवूही नये. अप्पांनी नाही, लेकीनंही नाही. पूर्वजन्मीच्या कर्माचं उत्तर शास्त्रात आहे, ते मला माहीत आहे. तीन दिवसांच्या बाळाला ते लावायला माझी जीभ धजत नाही. आणि मला वाटतं, वीस वर्षांत अप्पांचीही धजलेली नाही, नाहीतर तुमच्या पत्रात ते आलं असतं. भागवत सांगणाऱ्या माणसाच्या ओठावर ते उत्तर तयार होतं. ते बोलले नाहीत, ताटावरून उठले. त्यांचाही तो पहिला नातू होता, ताई.

सासूबाईंचं वाक्य मला आधी कठोर वाटलं. दोन दिवस डोक्यात राहिलं, मग त्याची दुसरी बाजू दिसली. सटवाई आलीच नव्हती, म्हणजे त्याचं मरण कुणी लिहिलेलं नव्हतं. देवीनं नाही, देवानं नाही, तुम्ही तर नाहीच. शाळेत न गेलेल्या त्या बाईनं (गेल्या असतील तर माफ करा, मी अंदाजानं म्हणते) एका वाक्यात सगळ्यांना आरोपातून सोडवलं होतं.

आता करायचं काय? लेकीला 'अप्पांची माफी माग' म्हणू नका, निदान इतक्यात नको. आधी तिला दादाबद्दल सांगा. तो कुणासारखा दिसायचा, हाताची मूठ कशी धरायचा, ते तीन दिवस तुम्ही कुठे होतात. तिनं वादात जो भाऊ वापरला, तो तिनं ऐकलेलाच नाही असं मला पत्रावरून वाटतं.

आणि अप्पांना माझा निरोप द्या की यंदा निरूपणाला तुकोबांचा 'माझे लेखी देव मेला, असो त्याला असेल' हा अभंग घ्या. दुष्काळात बायको आणि मुलगा गमावलेल्या माणसाचा तो अभंग. आपली नात जे बोलली ते याच दारातून आत आलंय, हे त्यांच्या लक्षात येईल. मी सांगायची गरज नाही.

कमाटीबागेत सकाळी जा, उन्हाच्या आत. देवमाशाच्या परापाशी पोचलात की बाही वर करून हात पुढे धरायला अप्पांनाच सांगा. त्या वयाच्या हातात हाडं एकेक वेगळी दिसतात, आणि मोजायचं काम लेकीला द्या.